फेनवे पार्कचं इन्स्पेक्शन

जून लागला की बॉस्टनच्या पश्चिमेकडच्या गावांत, म्हणजे श्रूजबरी, वेस्टबरो, ॲक्टन या भागांत, संध्याकाळी फुटपाथवर मराठी सासरे दिसायला लागतात. पायांत लेकीने घेऊन दिलेले पांढरेशुभ्र बूट, डोक्यावर जावयाच्या कंपनीची टोपी, हात पाठीमागे बांधलेले. मुक्काम सहा महिन्यांचा. नायगारा आणि न्यूयॉर्क पहिल्याच महिन्यात उरकलेलं असतं. मग एक दिवस जावई विचारतो, "बाबा, रेड सॉक्सची बेसबॉल मॅच बघायची का?" तिकिटं काढतो, आणि नेमक्या त्याच दिवशी त्याच्या ऑफिसात काहीतरी पेटतं. अशा वेळी बरोबर पाठवायला मी असतोच.

काका कुणाचेही असोत, मूळ मसाला एकच. बँकेतून नाहीतर वीज मंडळातून निवृत्त. तरुणपणी क्लबाकडून खेळलेले, आणि रणजी थोडक्यात हुकलेली. महाराष्ट्रात रणजी थोडक्यात हुकलेली इतकी माणसं आहेत की त्यांचीच एक स्पर्धा भरवता येईल. हे काका कुठलीही गोष्ट बघत नाहीत, तपासतात. तपासणीचा निकाल दोनपैकी एक असतो: आपल्याकडे हे आधीपासून आहे, किंवा आपल्याकडचं जास्त चांगलं आहे.

परवाचे काका तर बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यातलेच. केनमोर स्टेशनवरून गर्दीबरोबर चालत काका, काकी आणि मी रेड सॉक्सच्या फेनवे पार्कला पोचलो, तेव्हा विटांची ती बुटकी इमारत बघून काका म्हणाले, "हेच का? मला वाटलं जुनी गिरणी आहे." मी सांगितलं की १९१२ च्या २० एप्रिलला इथला पहिला अधिकृत सामना झाला, टायटॅनिक बुडाल्यानंतर पाचच दिवसांनी. काकांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. "म्हणजे ब्रेबोर्नपेक्षा पंचवीस वर्षांनी मोठं. ठीक आहे." मान्यता मिळाली.

आत गेल्यावर मात्र शेरे सुरू झाले. मैदान वाकडं आहे. डावीकडची सीमा ३१० फुटांवर, मधे एका कोपऱ्यात ४२०, उजवीकडच्या खांबापाशी ३०२. डावीकडे लॅन्सडाउन स्ट्रीट आडवा आला, म्हणून तिथे मैदान आखूड पडलं आणि भरपाई म्हणून ३७ फुटी भिंत उभी राहिली. आज ती हिरवीगार आहे आणि लोक तिला लाडाने ग्रीन मॉन्स्टर म्हणतात; १९४७ पर्यंत मात्र तिच्यावर जाहिराती होत्या. "रस्ता आडवा आला म्हणून बाउंड्री आत घेतली? हे तर आम्ही वाड्यात करायचो," काका म्हणाले. पण भिंतीच्या पोटात बसलेली माणसं अजून हाताने आकड्यांच्या पाट्या बदलतात हे कळल्यावर शेरा बदलला. "आत माणूस आहे ना? मग आकडा बरोबर असणार."

आमच्या लाकडी खुर्च्या जुन्या ग्रँडस्टँडमधल्या. त्या ज्या काळच्या आहेत त्या काळी अमेरिकन माणूस बारीक असावा. त्यातून समोर छताचा लोखंडी खांब. अशी खांबामागची तिकिटं इथे तसं सांगून विकतात, हे ऐकून काकांना विक्रेत्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटलं आणि जावयाच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका आली.

खेळ सुरू झाला. फील्डरच्या हातात चामड्याचा भलाथोरला मोजा बघून काका कळवळले. "मोजे घालून कॅच घेतात? मग सुटतो कसा? आमचा सोळकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला उघड्या डोक्याने उभा राहायचा. २७ कसोटींत ५३ कॅच. नुसत्या हातांनी!" हे त्यांनी इंग्रजीत, शेजारी बसलेल्या एका पिकल्या दाढीच्या गृहस्थाला उद्देशून सांगितलं. गृहस्थ सभ्य होता. त्याने टोपी मागे सारून "खरंच?" असं विचारलं. काकांना तेवढं पुरे असतं.

मग चेंडूचं प्रकरण निघालं. इथे चेंडू मातीला लागला की पंच तो बाद करतो, नवा काढतो. सामन्याला शंभरच्या आसपास चेंडू सहज जातात. "आम्ही एकावर ऐंशी ओव्हर काढतो," काका म्हणाले. त्यावर गृहस्थाने सांगितलं की नव्या चेंडूची चमक घालवायला त्याला सामन्याआधी खास चिखल चोळतात, तो न्यू जर्सीतल्या नदीकाठचा असतो. काका क्षणभर गप्प झाले. ज्यांनी उभी जवानी चेंडू पँटीवर घासून चमक आणण्यात घालवली, त्यांना हे पचायला वेळ लागणारच.

तेवढ्यात एक फाउल आमच्या बाजूला उडाला. मागच्या रांगेतल्या पोराने तो मोज्यात अलगद झेलला आणि कौतुकाने काकींच्या हातात ठेवला. काका ओरडले, "अगं, फेक परत! खोळंबलेत ते!" इथे प्रेक्षकाकडे आलेला चेंडू प्रेक्षकाचाच, हे त्यांना पटेना. काकींनी तो पर्समध्ये चिवड्याच्या पुडीशेजारी ठेवला आणि चेन ओढून घेतली. त्या फार बोलत नाहीत.

फ्रँक नावाच्या इथल्या हॉट डॉगमध्ये काय असतं याचं नीट उत्तर न मिळाल्याने काकांनी भाजलेल्या शेंगा घेतल्या. टरफलं खुशाल पायाशी टाकायची असतात, सगळे तेच करत होते. काकांचा हात खाली जाईना. टिळकांच्या महाराष्ट्रात वाढलेला माणूस शेंगा खाऊन टरफलं टाकणार कशी? त्यांनी रुमालात त्यांचा ढीग केला आणि टिळकांची गोष्ट गृहस्थाला सांगितली. गृहस्थाने आपल्या पायाखालच्या टरफलांकडे ओशाळून पाहिलं.

गृहस्थानेही मग आपल्या दुःखाची पोथी उघडली. १९१८ ला रेड सॉक्स जिंकले, त्यानंतर बेब रूथला न्यूयॉर्कला विकलं, आणि पुढचं विजेतेपद थेट २००४ ला. ८६ वर्षं शाप. काकांनी शांतपणे ऐकलं आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायला हवा होता. कुणी सांगितलं नाही वाटतं यांना." लांब उजवीकडे हिरव्या खुर्च्यांत एकच लाल खुर्ची आहे. टेड विल्यम्सने १९४६ च्या ९ जूनला मारलेला ५०२ फुटी फटका तिथे एका प्रेक्षकाच्या टोपीवर बसला, त्याची ती खूण. काकांनी मोबाइल काढून फुटांचे मीटर केले. १५३. त्यांचा चेहरा उजळला. "सी. के. नायडू! बॉम्बे जिमखाना, १९२६, एमसीसीविरुद्ध. किती धावा? १५३!" या योगायोगातून नेमकं काय सिद्ध झालं ते मला सांगता येणार नाही, पण काहीतरी झालं होतं आणि ते आपल्या बाजूने होतं.

एक मात्र कबूल करायला हवं. आजूबाजूचे लोक खाण्याच्या रांगेत आणि मोबाइलमध्ये गुंतलेले असताना प्रत्येक चेंडू डोळ्यांत तेल घालून बघणारे त्या भागात दोघंच होते: काका, आणि तो गृहस्थ. कारण गृहस्थाच्या मांडीवर स्कोअरची वही होती. काकांच्या ते उशिरा लक्षात आलं आणि त्यानंतर खांब, मोजे, चिखल सगळं माफ झालं. काका बँकांच्या स्पर्धेत कित्येक वर्षं स्कोअरर होते. पेन्सिलीने काढलेले चौकोन, तीन स्ट्राइकवर बाद झालेल्यापुढे के; बॅट न हलवता तिसरा स्ट्राइक सोडला तर के उलटा, वर्गात तोंड फिरवून उभ्या केलेल्या पोरासारखा. के ही खूण रुजवली हेन्री चॅडविकने, तो जन्माने इंग्रज आणि आधी क्रिकेटचा बातमीदार. बॉस्टनला पहिला व्यावसायिक संघ १८७१ मध्ये उभा करणारा हॅरी राइटही आधी न्यूयॉर्कला क्रिकेटच खेळायचा. हे गृहस्थानेच सांगितलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू इन्स्पेक्शनमध्ये शाखेची चोरी सापडली आणि मॅनेजरने स्वतःहून कबूलही केली.

सहाव्या इनिंगला गृहस्थ बिअर आणायला गेला आणि जाताना वही काकांच्या हाती देऊन गेला. परत येऊन बघतो तर चौकोनाशेजारी ठिपके, आणि ते जोडून काढलेला ठसठशीत डब्ल्यू.

"हा डब्ल्यू कसला? सामना अजून कुणी जिंकलेला नाही."

"विकेट मेडन," काका म्हणाले. "सहा चेंडू, शून्य धावा, एक गडी."

मग दोघं वहीत डोकं घालून बसले. हा सांगतोय, तो विचारतोय. तेवढ्यात कडाड आवाज झाला आणि स्टेडियम उठून उभं राहिलं. दोघांनी माना वर केल्या तोवर समोर नुसत्या पाठी; रिप्ले बघावा तर खांब.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"भिंतीवरून गेला बाहेर," काकी म्हणाल्या. त्या एकट्याच बघत होत्या.

"सिक्स!" काकांनी पेन्सिल सरसावली.

"एक," गृहस्थ म्हणाला. "बेसवर कुणी नव्हतं. एक धाव."

"एवढा लांब मारून एक?"

गृहस्थाने खांदे उडवले. मैदानात फलंदाज सावकाश एकेक बेस ओलांडत होता.

"चेंडू गेला ना रस्त्यावर?" काकी म्हणाल्या. "मग हा कशाला पळतोय?"

काकांनी गृहस्थाकडे पाहिलं, गृहस्थाने काकांकडे.