मी माणूस आहे, मीच आहे आणि अजून आहे

पूर्वी घरात एखादं यंत्र आलं की आपण त्याची परीक्षा घ्यायचो. रेडिओ आणला तर मुंबई-पुण्यापासून सिलोनपर्यंत काटा फिरवून बघायचा. शिलाई मशीन आणलं तर आधी चिंधीवर टीप मारून बघायची. पंखा दुकानातच पाच नंबरवर लावायचा, त्याखाली डोकं धरायचं, आवाज ऐकायचा आणि मग दुकानदाराला विचारायचं, ‘गॅरंटी किती?’ यंत्र बिचारं मुकाट्यानं परीक्षा द्यायचं. कॉम्प्युटर आला आणि परीक्षकाची खुर्ची त्यानंच बळकावली. आता विजेचं बिल भरायचं असो, सातबारा काढायचा असो की गॅसचा नंबर लावायचा असो, पेपर आपण द्यायचा. विषय तीन. पहिला, आपण माणूस आहोत हे सिद्ध करणं. दुसरा, आपण म्हणजे आपणच आहोत हे सिद्ध करणं. आणि पेन्शन सुरू झाली की तिसरा विषय सक्तीचा होतो: आपण अजून जिवंत आहोत हे सिद्ध करणं.

पहिल्या विषयाचं घराणं मोठं आहे. ॲलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञानं १९५० साली एका निबंधात प्रश्न टाकला होता, की पडद्याआडून लेखी गप्पा मारताना पलीकडे माणूस आहे की यंत्र, हे ओळखताच आलं नाही तर काय म्हणायचं? त्या खेळात परीक्षक माणूस होता आणि सोंग यंत्रानं वठवायचं होतं. अर्धशतकानंतर अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुईस व्हॉन आन, मॅन्युएल ब्लम वगैरे मंडळींनी तोच डाव उलटा मांडला. परीक्षक यंत्र, उमेदवार आपण. त्यालाच कॅप्चा म्हणतात. हेतू चांगला होता. धडाधड खोटी खाती उघडत सुटणाऱ्या प्रोग्रॅमना दारातच अडवायचं, एवढंच.

पण दारावर उभं राहून बघा. वेडीवाकडी अक्षरं असतात, त्यांच्यावरून कुणीतरी रागानं रेघ ओढलेली असते. तो शून्य आहे की ओ? तो एक आहे, की एल, की आय? डॉक्टरांच्या चिठ्ठ्या लीलया वाचणारा आमचा केमिस्टही तिथं हात टेकतो. अक्षरांतून सुटलात तर चित्रं येतात. ‘ज्या चौकोनांत सिग्नल आहे ते निवडा.’ आता सिग्नलचा खांब हा सिग्नल की खांब, यावर दोन नैयायिक बसवले तर संध्याकाळ होईल. शिवाय ही चित्रं परमुलखातली. शाळेच्या पिवळ्या बसगाड्या, रस्त्याच्या कडेचे लाल बुटके फायर हायड्रंट. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला तसं लाल आणि बुटकं काही दिसलं तर तो शेंदूर फासलेला म्हसोबा असतो. त्याच्यावर क्लिक करत नाहीत, नारळ फोडतात. झेब्रा क्रॉसिंग आमच्याकडेही आहेत, पण ती ओळखायला माणूस असणं पुरत नाही, पुरातत्त्व खात्यात असावं लागतं.

गंमत पुढेच आहे. २००७ साली याच व्हॉन आन यांनी रीकॅप्चा आणला. त्यात दोन शब्द दिसायचे. एक यंत्राला माहीत असलेला आणि दुसरा जुन्या पुस्तकातला किंवा वर्तमानपत्रातला, जो यंत्राला वाचता येत नव्हता. परीक्षा पहिल्या शब्दाची व्हायची आणि दुसरा आपण फुकटात टाइप करून द्यायचो. न्यूयॉर्क टाइम्सच्या जुन्या अंकांचं दप्तर असं जगभरातल्या वेठबिगारीतून टाइप होत गेलं. आपल्याला वाटत होतं आपण रेल्वेचं तिकीट काढतोय.

आणि २०२३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधकांनी माणसांची आणि प्रोग्रॅमची या परीक्षेतली कामगिरी ताडून पाहिली, तेव्हा प्रोग्रॅम माणसांपेक्षा लवकर आणि अचूक सोडवतात असं दिसलं. म्हणजे आता न्याय असा, की पहिल्या झटक्यात पास झाला तो यंत्र असण्याची शक्यता जास्त. जो चष्मा कपाळावर चढवून ‘अहो, यात मोटारसायकलचा आरसा धरायचा का?’ असं आतल्या खोलीत ओरडून विचारतो, तो नक्की माणूस.

माणूसपण मान्य झालं की दुसरा पेपर. तुम्ही कोण, याचं उत्तर तुम्ही द्यायचं नसतं, तुमच्या पासवर्डनं द्यायचं असतं. पासवर्ड कॉम्प्युटरवर आला तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या एमआयटीत. फर्नांडो कॉर्बाटो यांच्या देखरेखीखाली एकाच अवाढव्य यंत्रावर अनेकजण काम करायचे. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून ही कुलपं आली. १९६२ साली तिथल्याच ॲलन शेर नावाच्या संशोधकाला यंत्रावर मिळणारा वेळ पुरेना, तेव्हा त्यानं सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली. पासवर्डचं बारसं आणि बोभाटा जवळजवळ एकदमच उरकला.

मग २००३ साली अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या बिल बर यांनी नियम लिहिले. मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, ठरावीक मुदतीनं बदल हवा. २०१७ साली, निवृत्त झाल्यावर, याच गृहस्थांनी त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो असं वर्तमानपत्राला सांगून टाकलं. त्यांच्या संस्थेनंही नियम सैल केले. तो पश्चात्ताप आपल्या किनाऱ्याला अजून लागलेला नाही. आपल्याकडे नुसता ‘गणपती’ चालत नाही. गणपतीला मोठं अक्षर लागतं, मग आकडा लागतो, मग चिन्ह लागतं. शेवटी गणपती, पुढे ॲट, पुढे एक-दोन-तीन, या एकाच मंत्रानं घरटी तिजोऱ्या बंद होतात. तीन महिन्यांनी एक-दोन-तीनचं विसर्जन आणि एक-दोन-चारची प्रतिष्ठापना. आणि हे सारं कालनिर्णयच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाखाली, ‘बँक (नवा)’ अशा शीर्षकानं नोंदलेलं असतं.

पासवर्ड विसरलात तर गुप्त प्रश्न येतो. आईचं माहेरचं आडनाव काय? ज्या मुलखात लग्नपत्रिकेवर आजोळ छापतात आणि मामा अंतरपाटाजवळ उभा असतो, तिथं हे गुपित! एका लग्नाचं जेवण जेवून आलेला माणूस पन्नास खाती उघडू शकेल.

खरी अडचण नावाची. आमच्या मावशीचं माहेरचं नाव सिंधू. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं गेलं सुमती. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं. मधलं नाव आधी वडिलांचं, मग नवऱ्याचं. आडनाव कुठं पुढे, कुठं मागे. ‘लक्ष्मी’मधल्या क्षला कुणी एक्स लावतो, कुणी के-एस-एच. नावाला ‘बाई’ जोडली तर वेगळी व्यक्ती, ‘राव’ गाळला तर तोतया. हा घोळ मिटावा म्हणून तर आधार आलं. त्याचा पहिला क्रमांक २०१० च्या सप्टेंबरात आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. दहा बोटं, दोन बुबुळं आणि बारा आकडे, यात स्पेलिंगला जागाच नको होती. पण नाव तिथंही लिहावं लागलंच, तेही दोन लिप्यांत. त्यामुळे आता माणूस एक, क्रमांक एक आणि नावं पूर्वीइतकीच.

शेवटी निवाडा ओटीपीवर येतो. ‘हा क्रमांक कुणालाही सांगू नका,’ असं बजावून तो येतो आणि येतो तो पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या फोनवर, कारण नोंदणीच्या दिवशी त्याचाच नंबर दिलेला असतो. मुलगा मीटिंगमध्ये. इकडे घड्याळ उलटं चाललेलं. मग तो मीटिंगमधून कुजबुजत आकडे सांगतो, वडिलांना ऐकू येत नाही म्हणून ते खात्री करायला मोठ्यानं म्हणतात, आणि एसटी स्टँडवर वडापावच्या गाडीपर्यंत सगळ्यांना ते गुपित पोचतं. टाइप होईपर्यंत मुदत संपलेली असते, ही त्यातली एकमेव सुरक्षितता.

तिसऱ्या विषयाची परीक्षा नोव्हेंबरात. पेन्शन घेणाऱ्यानं दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. पूर्वी बँकेत जाऊन यादीवर सही करायची. साहेब चष्म्यावरून बघायचा, ‘गुडघे काय म्हणतात?’ विचारायचा, हयात सिद्ध. २०१४ पासून हा दाखला बोटाच्या ठशावर ऑनलाइन देता येऊ लागला, पुढे चेहरा दाखवूनही. सोय खरीच आहे. मुलाकडे परगावी राहणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्यांचा हेलपाटा त्यानं वाचला.

मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. तिला घेऊन मी गावातल्या एका सेवा केंद्रात गेलो. काउंटरमागचा तरुण खुर्चीतून उठून थेट तिच्या पाया पडला.

‘बाई, ओळखलंत?’

‘ओळखलं. चौथी ब. अक्षर सुधारलं का?’

‘आता टायपिंगच असतं, बाई.’

‘म्हणजे नाही.’

इथवर तिच्या हयातीबद्दल कुणाला शंका नव्हती. शंकेखोर टेबलावर होता, तळहातात मावणारं ठसे घेणारं यंत्र. मावशीनं अंगठा ठेवला. लाल दिवा. तर्जनी ठेवली. लाल दिवा. जन्मभर खडू धरलेली, भांडी घासलेली, पोळ्या लाटलेली बोटं, त्यांच्या रेषा वयानं आणि कामानं पुसट झालेल्या. पोरगा तयारीचा होता. त्यानं ड्रॉवरमधून ओला रुमाल काढला, मग खोबरेल तेलाची छोटी बाटली काढली. ‘बाई, पुसा. आता जरा फुंकर मारा. दाबू नका. थोडं दाबा.’ यंत्र बधेना. मग तो फोन घेऊन तिच्यासमोर वाकला.

‘बाई, आता गोलात बघा आणि डोळे मिचकवा.’

मावशीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की अख्खी चौथी ब बाकावर उभी राहिली असती.

‘उभी हयात या गावात नोकरी केली, कुणापुढे डोळे मिचकावले नाहीत. आता पेन्शनसाठी मिचकावू?’

‘तसं नव्हे बाई, पापण्यांची उघडझाप. जिवंत आहात हे कळायला.’

‘तुला कळलंय ना?’

‘मला कळून काय उपयोग, बाई!’

आत उजेड कमी म्हणून तिला दारात बसवलं. दारात उजेड जास्त झाला. छत्री धरली. शेवटी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी तिनं रागानं का होईना पापण्या फडफडवल्या आणि ती जिवंत निघाली. तेवढ्यात पुढचा रकाना आला. पोरानं मान खाली घालून विचारलं, ‘बाई, पुनर्विवाह केलाय का?’

‘कोण विचारतंय?’

‘फॉर्म, बाई.’

‘पत्रिका पाठव म्हणावं.’

मावशी जिवंत आहे, तीच आहे आणि माणूस तर आहेच आहे, हे शपथेवर सांगू शकणारा तिचाच विद्यार्थी त्या खुर्चीत बसला होता. फक्त त्याच्या साक्षीला फॉर्ममध्ये रकाना नव्हता. खिडकीपलीकडच्या जुन्या कारकुनाला आपण जन्मभर शिव्या घातल्या, पण त्याला ‘साहेब, बघा ना जरा’ म्हणता यायचं. आता त्या कारकुनाचं सगळं काम आपल्या गळ्यात आलंय आणि ‘बघा ना जरा’ म्हणायला समोर कुणी उरलेलं नाही.

बरं, वापरणाऱ्याच्या चुका ही बनवणाऱ्याची जबाबदारी आहे, हे काही आज सुचलेलं शहाणपण नव्हे. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली यावर पुस्तकच लिहिलं. दार ढकलायचं की ओढायचं हे दाराकडे बघून कळत नसेल तर दोष दाराचा, असं त्यांचं म्हणणं. जेकब निल्सन यांनी १९९४ साली दहा कलमं मांडली. त्यांतलं एक असं, की चूक झाल्यास ती साध्या भाषेत, नेमकी आणि उपायासकट सांगावी. आपल्याकडचे फॉर्म मात्र ‘अवैध नोंद’ एवढं म्हणून गप्प बसतात. नोंद कुठली, तर पत्ता. त्यात तिरकी रेघ चालत नाही, स्वल्पविराम चालत नाही. ‘स.नं. ४५/२, मारुतीच्या देवळामागे’ हा पत्ता पोस्टमनला पाठ आहे, साइटला अवैध आहे. फोटो वीस केबीहून मोठा आणि पन्नास केबीहून लहान हवा, सही त्याहून बारीक हवी. सातवीपर्यंत शिकलेल्या शेतकऱ्यानं हे केबी कुठल्या वजनकाट्यावर तोलायचे? आणि सगळं जमवून शेवटचं बटण दाबलं की पडद्यावर येतं: ‘काहीतरी चुकलं आहे. कृपया थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा.’ एवढं बोलून कारकून जेवायला गेला असता तर आपण आमदाराकडे गेलो असतो.

म्हणून माझी मागणी फार नाही. फिटंफाट व्हावी. आपण जे तीन पुरावे देतो तेच तीन साइटनंही द्यावेत. पहिला, ती माणसानं बनवली असल्याचा. बनवणाऱ्यानं स्वतःच्या आईला शेजारी बसवून, एक अक्षर न बोलता, तिच्याकडून फॉर्म भरून घेऊन दाखवावा. दुसरा, ती तीच असल्याचा. काल उजवीकडे असलेलं ‘पुढे जा’ आज डावीकडे सापडलं तर तिच्याच फोनवर ओटीपी पाठवून खुलासा मागावा. आणि तिसरा, हयातीचा दाखला. तो शेवटच्या तारखेला, संध्याकाळी, सगळा जिल्हा एकदम फॉर्म भरत असताना घ्यावा. त्या वेळी जी साइट पापणी हलवून दाखवील तिच्या ठेकेदाराचं बिल लगेच मंजूर करावं. बाकीच्यांच्या बिलांवर मावशीच्या वळणदार अक्षरात शेरा मारावा: काहीतरी चुकलं आहे, कृपया थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा.