झाडाखाली बस!

पीटीच्या सरांना आडनाव असतं, हे आमच्या लक्षात आलं ते शाळा सुटून पंचवीस वर्षं झाल्यावर. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची पत्रिका छापायची होती. गणिताचे सर, संस्कृतच्या बाई, झालंच तर प्रयोगशाळेतले काका, सगळ्यांची नावं वडिलांच्या नावासकट भराभर आठवली. पीटीच्या सरांपाशी गाडी अडली. कुणी पाटील म्हणालं, कुणी पवार. निवृत्त शिपाईकाकांना फोन लावला, तर ते जरा थांबून म्हणाले, "पगारपत्रकावर काहीतरी असायचं बघा." शेवटी पत्रिकेवर 'मा. पी. टी. सर' असंच छापलं. एका वर्गमित्राच्या बायकोला ती त्यांची आद्याक्षरं वाटली.

हा गृहस्थ महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत एक असतो, आणि सगळीकडे तोच असतो असा मला दाट संशय आहे. पांढरी पँट, आत खोचलेला टी-शर्ट, गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी. आवाज असा, की मैदानापलीकडच्या पोस्टातला माणूस 'सावधान' ऐकून हातातला शिक्का हवेतच धरून ठेवायचा. पोट थोडं पुढं आलेलं असतं. त्याबद्दल बोलायची कुणाची प्राज्ञा नसते. शिट्टी तो लग्नालाही घालून येतो. एकदा पंगत बसवताना ती कामालाही आलेली आम्ही पाहिली आहे. पाचशे माणसं उंचीप्रमाणे जेवायला बसता बसता वाचली.

आमचे सर अमरावतीला, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले. त्यांना त्याचा भारी अभिमान, आणि तो रास्तही होता. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकानं तिथं कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. ही गोष्ट सर दरवर्षी जूनमध्ये सांगायचे. फरक इतकाच, की दरवर्षी हिटलर थोडा जवळ सरकायचा. आठवीत तो वरच्या गॅलरीत होता, नववीत पहिल्या रांगेत आला आणि आम्ही दहावीला पोचलो तोवर थेट मैदानाच्या रेषेवर येऊन बसला होता. अकरावी आमच्या शाळेत नव्हती म्हणून, नाहीतर त्यानं चढाईच केली असती.

गोष्ट संपली की नियम. सरांचे नियम कुठं लिहिलेले नव्हते, त्यामुळे ते बदलता येत नसत आणि मोजताही येत नसत. पांढरे कॅनव्हासचे बूट. ते पांढरेच दिसले पाहिजेत, म्हणून आम्ही तासाआधी त्यांना खडू फासायचो. खडू अर्थातच गणिताच्या सरांच्या टेबलावरचे. नखं वाढलेली नकोत. केसांची कसोटी साधी होती: सर डोक्यात बोटं खुपसायचे, बोटांच्या वर केस दिसले की "उद्या कापून ये." आमच्यातला एकजण असा होता की सरांची बोटं त्याच्या केसांत दिसेनाशीच व्हायची. त्याला त्यांनी दर आठवड्याला 'उद्या' दिला. दहावीचा निरोप समारंभ झाला तरी तो उद्या काही उजाडला नाही.

रांग उंचीप्रमाणे. बुटके पुढे. मी तीन वर्षं पहिल्या जागेवर काढली. पहिल्या जागेवरच्या मुलाचं आणि शिट्टीचं अंतर साधारण एक हात असतं. माझ्या उजव्या कानाला पुढं आयुष्यात बायकोचं जे काही ऐकू आलं नाही, त्याचं खापर मी तिथंच फोडत आलो आहे.

मराठी शाळा, मराठी सर, मराठी पोरं. पण हुकूम हिंदीत. 'उजवीकडे वळा' म्हटलं तर कुणी वळत नाही, 'दाहिने मुड' म्हटलं की शरीर आपोआप फिरतं, असा त्यांचा सिद्धान्त. शिव्या मात्र शुद्ध मराठीत. एकदा एक पोरगा दाहिनेला डावीकडे फिरला आणि शेजाऱ्याच्या नाकाला नाक लावून उभा राहिला.

"दाहिना कळत नाही? जेवतोस कुठल्या हातानं रे? त्या बाजूला वळ!"

पोरगा प्रामाणिक होता. पुढच्या 'दाहिने मुड'लाही तो डावीकडेच वळला. डावखुरा होता बिचारा. सर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "हा सोडून सगळे." कायद्यात दुरुस्ती झालेली मी पाहिलेली ती एकमेव वेळ.

आजारपणाचा नियम कडक होता. पोटात दुखत असेल तर पालकांची चिठ्ठी पाहिजे, खाली सही पाहिजे. आता शाळेत सह्यांचा सगळ्यात मोठा जाणकार कोण, तर पीटीचे सर. बँकेच्या कॅशियरला लाजवेल अशी नजर. चिठ्ठी उन्हात धरायचे, तिरकी करायचे आणि परत द्यायचे. "बाप सही घाईत करतो रे. ही फार मन लावून केलीय." पकडलेल्याला मैदानाला पाच फेऱ्या. खरी चिठ्ठी आणणाऱ्याला एकच शिक्षा, "झाडाखाली बस." मैदानाच्या कडेला एक कडुनिंब होता.

मुलींच्या बाबतीत हा सगळा कायदा गुंडाळून ठेवावा लागे. "सर, आज बरं..." इतकं ऐकताच या रांगड्या माणसाचे कान लाल होत, नजर थेट ध्वजस्तंभाच्या टोकावर जाई आणि वाक्य पुरं व्हायच्या आत हुकूम सुटे, "बस, झाडाखाली बस!" डिसेंबरपर्यंत निम्मा वर्ग झाडाखाली भेंड्या खेळायचा. हेच वाक्य एका मुलानंही एकदा वापरून पाहिलं. त्याच्या फेऱ्या आम्ही मोजायच्या सोडून दिल्या.

पण हे सगळं झालं तास झाला तर. पीटीचा तास वेळापत्रकात असतो, मैदानावर क्वचित. तासाची घंटा झाली की गणिताचे सर दारात उभे. "एक प्रमेय राहिलंय हो, दहा मिनिटांत सोडतो." पीटीचे सर लगेच म्हणत, "घ्या की." भूमितीतलं कुठलंही प्रमेय दहा मिनिटांत सुटत नाही, हे पायथागोरसपासून सगळ्यांना ठाऊक आहे. प्रगतिपुस्तकात बाकी विषयांना गुण, पीटीला नुसती श्रेणी. ती सगळ्यांना 'अ'. पाय प्लास्टरमध्ये असलेल्यालाही 'अ'. ज्या विषयात कुणी नापास होत नाही त्या विषयाच्या सरांना शिक्षकखोलीत खुर्ची कुठली मिळते ते मी पाहिलंय. पंख्यापासून सगळ्यात लांबची.

पावसाळ्यात तास वर्गातच व्हायचा. सर फळ्यावर कबड्डीचं मैदान आखायचे, १३ मीटर बाय १० मीटर. चढाई ३० सेकंदांची. खो-खोचा संघ १२ जणांचा, मैदानात ९. आम्ही वहीत पट्टीनं सुबक आकृत्या काढायचो. आमचं खरं मैदान निम्मं सायकलस्टँडनं खाल्लेलं आणि उरलेल्यात मांडववाल्याचे बांबू. तेरावा मीटर मुख्याध्यापकांच्या खोलीत पडायचा. त्यामुळे कबड्डीत सगळ्यात पटाईत पोरं आमच्याकडे कागदावरची होती.

सूर्यनमस्कारावरून शिक्षकखोलीत जुनं भांडण होतं. सर बारा अंकांचा घालायचे. चित्रकलेचे सर औंधचे. त्यांच्या मते अंक दहाच, कारण औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दहाच सांगितले, १९३८ सालच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच दहा आहे म्हणे, आणि राजेसाहेब स्वतः चित्रकार असल्यामुळे या बाबतीत चित्रकलेच्या शिक्षकाचा शब्द अखेरचा. दोघंही हटत नसत. आम्ही दोघांचाही मान राखून आठव्या अंकाला जमिनीवर पडून राहायचो.

एक गोष्ट मात्र सर हळू आवाजात सांगायचे, आणि त्यात दरवर्षी काहीही वाढायचं नाही. खाशाबा जाधवांची. कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान, १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याला जाता यावं म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. इथं सर थांबायचे. खिडकीतून मुख्याध्यापकांच्या खोलीकडे बघायचे. फुटबॉलच्या ब्लॅडरसाठी त्यांनी केलेला तिसरा अर्ज त्या खोलीतच पडून होता. आम्हाला तेव्हा त्यात हसण्यासारखं वाटायचं.

त्यांचे दिवस होते दोनच, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी. आधीचे पंधरा दिवस गणिताच्या सरांना प्रमेय पुढं ढकलावं लागे. लेझमीचा आवाज गावाच्या वेशीपर्यंत जायचा. आणि संचलनाला सगळ्यात पुढे सर, पोट आत. त्या अर्ध्या तासात मुख्याध्यापकसुद्धा त्यांच्या शिट्टीवर उभे राहायचे, पंख्याखालची सगळी मंडळी उन्हात, आणि कुणाला प्रमेय आठवायचं नाही.

मेळाव्याला सर आले नाहीत. सकाळची वेळ होती आणि सकाळी ते मोकळे नसतात, असं कळलं. म्हणून दुसऱ्या दिवशी मीच नगरपालिकेच्या बागेत गेलो. वीस-पंचवीस ज्येष्ठ नागरिक रांगेत उभे, उंचीप्रमाणे. समोर सर, गळ्यात तीच शिट्टी किंवा तिची मुलगी. "सावधान!" म्हटल्यावर निवृत्त तहसीलदारांपासून सगळे गुडघे जमतील तसे जुळले. मला रांगेच्या टोकाला बुटक्यांत जागा मिळाली, न विचारता.

मागच्या फळीत गणिताचे सर होते. डॉक्टरांनी साखरेसाठी व्यायाम सांगितलेला. ते रांगेतून बाहेर आले, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि पुढं केला. "गुडघा धरलाय हो आज. घरून चिठ्ठी आणलीय. हिची सही आहे खाली."

सरांनी कागद घेतला. उन्हात धरला. तिरका केला.

"फार मन लावून केलीय, सर."

गणिताचे सर काही बोलले नाहीत.

"असू दे," पीटीचे सर म्हणाले, "बसा झाडाखाली."