आपलेकाका

काशीला निघालेल्या प्रत्येक यात्रा कंपनीच्या बसमध्ये एक तरी आपलेकाका असतात. बाकीचे विश्वनाथाच्या दर्शनाला आलेले असतात, काका मालमत्तेची पाहणी करायला.

विश्वनाथाच्या रांगेत माणसं नामस्मरण करतात. काका मागे वळून सांगतात, "हे देऊळ १७८० साली आपल्या अहिल्याबाईंनी बांधलं, बरं का!" कळसावरच्या सोन्याकडे कुणी बोट दाखवलं, की "ते रणजितसिंहांनी नंतर दिलं," असं चहाला साखर पुरवणाऱ्या शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलून मोकळे होतात. शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट इथले असले तरी घराणं पैठणचं, म्हणजे आपलं. एकनाथी भागवत १५७३ मध्ये काशीतच पुरं झालं, तेही आपलं. झाशीची राणी जन्मली इथेच, पण तांब्यांची. ती तर आपलीच!

घाट चौऱ्याऐंशी. ते पाहायला नाव ठरवताना काकांची हिंदी उसळते. "हमारी अहिल्याबाईने घाट बांधा, और तुम हमसेच इतना पैसा लेते?"

नावाडी शांतपणे सुकाणू धरतो. "घाट उनका है बाबूजी, नाव तो मेरी है।"

पैसे मोजून काका बसतात. अहिल्याबाई घाटाला उभे राहून नमस्कार करतात, तेव्हा नाव हलते आणि चार बायका किंचाळतात. पुढे जयपूरच्या राजांचा मानमंदिर घाट येतो, तेवढ्यात काकांना नेमका महत्त्वाचा फोन येतो. तो संपतो शिंद्यांच्या घाटाजवळ. तिथे रत्नेश्वराचं देऊळ चांगलंच कललेलं आहे. काका छाती फुगवतात, "मोडेन पण वाकणार नाही, हा आपला बाणा!"

"पण काका, देऊळ वाकलंय."

"मोडलं का?"

यावर कोण काय बोलणार? तेवढ्यात नागपूरकर भोसल्यांचा घाट आलेलाही असतो. या सगळ्यात गंगेकडे पाहायचं राहून जातं. ती भगीरथाने आणली, त्यामुळे काकांना तिच्यात फारसा रस नाही.

शेवटी उपाध्ये काशीतला रिवाज सांगतात. आवडीची एक वस्तू इथे कायमची सोडायची. अर्ध्या काशीवर हक्क सांगणारे काका हातावर पाणी घेऊन डोळे मिटतात आणि गंभीर आवाजात म्हणतात, "कारलं."

"आवडीचं हवं हो," उपाध्ये चाचरत म्हणतात.

"फार आवडतं!" काका ठणकावतात.

काकू पदराने कपाळ पुसतात. "गयेला शेपू सोडला, आज कारलं. पुढच्या वर्षी रामेश्वर केलं, की घरात नुसता बटाटा उरायचा."

बटाटा काकांना खरोखरच आवडतो. तो सोडायचं तीर्थ त्यांना अजून सापडलेलं नाही.