अनुभव हवा, जन्माआधीपासूनचा

'तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी!' एवढं म्हटलं की आपल्याकडे समोरचा गप्प बसतो. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांच्या जाहिराती मात्र घुगऱ्यांवर समाधान मानत नाहीत. बाळ जन्मायच्या आधीपासून पाळणा हलवत बसलेला माणूस त्यांना हवा असतो.

सेबास्तियन रामिरेझ या कोलंबियन प्रोग्रामरनं फास्टएपीआय हे पायथॉनचं फ्रेमवर्क लिहिलं. ते आलं डिसेंबर २०१८मध्ये. जुलै २०२०मध्ये त्याच्या पाहण्यात एक जाहिरात आली, फास्टएपीआयचा किमान चार वर्षांचा अनुभव मागणारी. बिचाऱ्यानं ट्विटरवर कळवून टाकलं की आपल्याला अर्ज करता येत नाही, कारण ही वस्तू तयार करूनच जेमतेम दीड वर्ष झालंय. जन्मदाताच अपात्र! त्याच वर्षी कुबरनेटिस या तंत्रज्ञानाचा बारा वर्षांचा अनुभव मागणारी जाहिरातही गाजली. कुबरनेटिस जगासमोर आलं जून २०१४मध्ये. म्हणजे अनुभव हवा तो तंत्रज्ञानाच्या वयाच्या दुप्पट.

यात कुणी दुष्ट नसतं. मॅनेजरला जरा जाणता माणूस हवा असतो, म्हणून तो एचआरला 'सीनिअर बघा' एवढंच सांगतो. सीनिअर म्हणजे पाच वर्षांच्या पुढचा, हे एचआरचं ठरलेलं. मग जावा भाषेची जुनी जाहिरात उघडायची, जावा खोडायचं आणि नवं नाव घालायचं. आकडा राहतो तिथेच. जावा १९९५ची, तिला तो शोभायचाही.

खरी गंमत पुढे आहे. अर्ज आधी चाळतं सॉफ्टवेअर, आणि त्याला आकडा तेवढा कळतो. प्रामाणिकपणे 'दीड वर्ष' लिहिणारा तिथेच गळतो. बेधडक 'पाच वर्षं' ठोकून देणारा मुलाखतीच्या खुर्चीत जाऊन बसतो. त्या तंत्रज्ञानातला अनुभवी माणूस कंपनीला मिळो न मिळो, थापा मारण्यातला मुरलेला मात्र हमखास मिळतो.

वर्षं मोजणं मुळात वाईट नाही. जुन्या धंद्यात ती बरंच काही सांगतात. पण धंदाच नवा असेल तर सगळेच नवशिके. तिथे 'किती वर्षं करतोयस?' यापेक्षा 'मागची नवी गोष्ट कशी शिकलास?' हे विचारलेलं बरं. उत्तर ऐकायला वेळ लागतो आणि ते रकान्यात मावत नाही, म्हणून कुणी विचारत नाही इतकंच.

चॅटजीपीटी लोकांसमोर आलं ३० नोव्हेंबर २०२२ला. त्याचा पाच वर्षांचा अनुभव ३० नोव्हेंबर २०२७च्या आधी पृथ्वीतलावर कुणाकडेही असू शकत नाही. जाहिरात लिहिणाऱ्यांनी एवढी वजाबाकी करून बघावी. आणि नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींनो, खरा आकडा लिहून खुशाल अर्ज करा. नव्या तंत्रज्ञानात मुलाखत घेणाराही तुमच्यापेक्षा फारसा जुना नसतो.