तलंगच असेल, बघा

नगरच्या सावेडीत, केडगावात किंवा भिंगारमध्ये ज्यांच्या घरामागे खुराड्यापुरती मोकळी जागा आहे आणि ज्यांनी गुढीपाडव्याच्या सुमारास हौसेनं सहा पिल्लं आणली आहेत, असे गृहस्थ आषाढ लागला की ओळखू येतात. त्यांना आपण भाऊसाहेब म्हणू. या जिल्ह्यात ही हाक मारली की निम्मी गल्ली वळून बघते, त्यामुळे कुणा एकावर रोख राहत नाही. ते भेटेल त्याला विचारतात, ‘तुमच्या गावाकडं कुणाला कोंबडा पाहिजे का?’ आणि लगेच सावरून घेतात, ‘म्हणजे कोंबडाच आहे असं नाही, शंका आहे.’ माझं म्हणणं असं की ही शंका अज्ञानातून आलेली नसते. ती भाऊसाहेबांनी पाळलेली असते, आणि कोंबड्यांपेक्षा जास्त निगुतीनं.

कारण कोंबडा फार काळ गुपित राहत नाही. गावठी किंवा गिरिराज पक्ष्यात आठ-दहा आठवड्यांत नराचा तुरा मोठा आणि लाल होतो, पाय जाड होतात. तिसरा महिना सरता सरता मानेवर आणि कमरेवर लांब, टोकदार, चकचकीत पिसं उतरतात. तलंगेची पिसं तिथं गोलसर टोकाचीच राहतात. भाऊसाहेब हे सगळं रोज बघतात आणि प्रत्येक खुणेला एक कारण शोधून ठेवतात. तुरा उन्हानं लाल झालाय. मका जास्त खाते म्हणून अंगानं भरलीय. आणि बाकीच्यांना टोचते म्हणाल, तर स्वभावच जरा तापट आहे तिचा. शिवाय नाव ‘राणी’ ठेवून झालेलं असतं. वहिनींनी मे महिन्यातच ‘अहो, तो कोंबडा आहे’ असं सांगितलेलं असतं, पण घरात त्या मताची नोंद होत नाही.

यावर कुणी म्हणेल, नवख्या माणसाला नर-मादी कशी कळावी? एक दिवसाच्या पिल्लापुरतं हे मान्य. त्या वयात पिल्लाचं गुदद्वार उघडून लिंग ओळखण्याची कला जपानी पशुवैद्यांनी शोधली, 1933 मध्ये ती इंग्रजी पुस्तकातून जगभर गेली, आणि आजही ते येरागबाळ्याचं काम नाही. पण या कलेनं भाऊसाहेबांची बाजू भक्कम होत नाही, उलट लंगडी पडते. अंड्यांच्या धंद्यासाठी पिल्लं उबवणारे माद्या वेगळ्या काढतात आणि नर त्यांना नकोसे होतात. रस्त्यावर टोपलीत गुलाबी, हिरवी रंगवलेली जी स्वस्त पिल्लं मिळतात, त्यांत या नकोशांचा भरणा असतो. न निवडलेली पिल्लं घेतली तरी निसर्गाचा हिशेब निम्मे नर, निम्म्या माद्या असाच आहे. तेव्हा सहा पिल्लं घरी आणतानाच साधारण तीन कोंबडे घरात येतात. चौथीतल्या मुलाला जमणारा हा भागाकार बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला जमत नाही, असं मानणं हा त्यांच्या नोकरीचा अपमान आहे.

मग साधारण चौथ्या महिन्यात राणी पहाटे साडेचारला बांग देते. डीजेच्या तालावर शांत झोपणारी गल्ली या आवाजानं मात्र खडबडून जागी होते. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे, हा नियम शेजाऱ्यांना त्याच दिवशी आठवतो. भाऊसाहेब खुराड्यावर गोणपाट टाकतात, पण कोंबडं झाकून उजाडायचं जसं राहत नाही, तसं आरवायचंही राहत नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिलं की सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही शरीरातल्या घड्याळानुसार वेळेवर आरवतात. 2015 मध्ये त्यांनीच आणखी एक गोष्ट सांगितली, ती भाऊसाहेबांच्या जास्त कामाची आहे: पहिली बांग कळपातल्या म्होरक्याची, आणि म्होरक्याला बाजूला काढलं की तो मान दुसऱ्या क्रमांकाच्या कोंबड्याकडे जातो. म्हणून राणीची पाठवणी झाल्यावर खुराड्यातली दुसरी ‘तलंग’ सोनीही आरवायला लागली, तर त्यात नवल करण्यासारखं काही नाही.

पाठवणी होते ती पाथर्डीकडच्या साडूंकडे. अट एकच, ‘चांगल्या घरी द्यायचाय.’ साडूही ‘हो हो, वावरात मोकळा फिरंल’ म्हणतात. आता आठ-दहा कोंबड्यांमागं एक कोंबडा पुरतो, हे साडूंना माहीत आहे आणि त्यांच्या अंगणात तो आधीच आहे. शिवाय त्यांच्याकडेही खुडूक कोंबडी पिल्लं काढते आणि त्यांतही निम्मे नर निघतात. म्हणजे जास्तीचा कोंबडा गावालाही जास्तीचाच. त्यात पाडव्याला आणलेलं पिल्लू चार महिन्यांचं होतं ते नेमकं आखाडात, श्रावण तोंडावर आलेला असताना. पुढं काय होतं ते रश्श्याच्या वासावरून अख्ख्या वस्तीला कळतं. भाऊसाहेब फोनवर ‘कसाय आपला?’ एवढंच विचारतात, ‘आहे का?’ असं कधी विचारत नाहीत. त्यांची शंका आता कोंबडा की तलंग इथून उठून जिवंत की रस्सा इथं येऊन बसलेली असते.

त्यांना ढोंगी म्हणण्याची घाई मात्र करू नये. भाऊसाहेबांना कळवळा आहे, तो खराच आहे. फक्त तो नाव ठेवलेल्या पक्ष्यापुरता आहे, रविवारी दुकानातून येणाऱ्या बिननावाच्या ब्रॉयलरला तो लागू होत नाही. यात ते एकटेही नाहीत. संगमनेर-राहात्याच्या गोठ्यात संकरित गायीला कालवड झाली की आनंद, गोऱ्हा झाला की सगळे गप्प; दुधाचा चहा मात्र जिल्हाभर पितात. भाऊसाहेबांवर माझा आक्षेप आहे तो वेगळाच. तीन-चार महिन्यांच्या, नर-मादी कळून चुकलेल्या तलंगा विकत मिळतात. त्या घेतल्या तर शंका, शेजारी आणि साडू हे तिन्ही प्रश्न मिटतात. हे ऐकून भाऊसाहेब मान डोलावतात, तलंगेचा भाव विचारतात, त्या पैशात किती पिल्लं येतील याचा हिशेब करतात आणि पुढच्या पाडव्याला पुन्हा टोपलीवाल्यासमोर उभे राहून त्याला विचारतात, ‘सगळ्या तलंगाच आहेत ना?’