पॅचोत्तर काळातले काका

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात डेटाबेस सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे काका म्हणतात. वय जेमतेम पंचेचाळीस. पण प्रॉडक्शनचा पासवर्ड ज्याच्याकडे, तो आयटीत आपोआप वडीलधारा होतो. असे काका तुमच्याही ऑफिसात असतील. सर्व्हर स्लो झाला की ज्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं, तो माणूस शोधा.

काकांच्या कालगणनेत दोनच काळ आहेत: पॅचपूर्व आणि पॅचोत्तर. त्यांचा शक 3 जानेवारी 2018 ला सुरू होतो. त्या दिवशी मेल्टडाऊन आणि स्पेक्टर ही प्रोसेसरची दुखणी जगजाहीर झाली. वेळ वाचवायला प्रोसेसर पुढचं काम अंदाजानं आधीच उरकतो आणि अंदाज चुकला तर टाकून देतो. पण टाकलेल्याचा माग कॅशमध्ये राहतो, आणि त्यावरून दुसऱ्याची गुपितं वाचता येतात. मेल्टडाऊनवर उपाय म्हणून लिनक्सनं कर्नलची (म्हणजे आपल्या गाभ्याची) आणि प्रोग्रॅमची पेज टेबलं, म्हणजे मेमरीचे नकाशे, वेगळी केली. काका नव्या पोरांना हे असं समजावतात: "अरे, पूर्वी माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यात नुसता पडदा होता. आता दर खेपेला कुलूप काढा, आत जा, बाहेर या, कुलूप लावा. आणि आपला डेटाबेस म्हणजे चिमूटभर मिठासाठी दहा वेळा आत जाणारा!"

इथं काका अगदी बरोबर असतात, हे कबूल करायला हवं. नुसती आकडेमोड करणारा प्रोग्रॅम कर्नलकडे फारसा फिरकत नाही. डेटाबेस नेटवर्कसाठी, डिस्कसाठी सारखा सिस्टीम कॉल करतो, म्हणून तोच जास्त भरडला गेला.

पुरावेही त्यांना तोंडपाठ. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या आंद्रेस फ्रॉइंड यांनी घोषणेच्या आदल्याच दिवशी एका इंटेल प्रोसेसरवरची मोजणी मांडली होती. नुसतं 'सिलेक्ट वन' विचारत राहिलं तर वेगात 17 टक्के घट. ही ये-जा स्वस्त करणारी प्रोसेसरची पीसीआयडी सोय बंद ठेवली तर 23. वाचनाच्या जरा खऱ्याखुऱ्या चाचणीत, पीसीआयडी चालू असताना, फक्त 7. मीटिंगमध्ये काका यातला 23 तेवढा सांगतात. सात हा आकडा बजेटच्या महिन्यात त्यांना आठवतच नाही.

त्याच जानेवारीत स्पेक्टरसाठी आलेल्या मायक्रोकोडनं, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या अपडेटनं, काही मशीन आपोआप रीस्टार्ट होऊ लागली, आणि 22 तारखेला इंटेलनंच तो लावू नका म्हणून सांगितलं. काकांनी तोवर लावलाच नव्हता. त्यांच्या आळसाला दूरदृष्टी म्हणायची प्रथा त्या दिवशी पडली, ती अजून चालू आहे.

पण भित्रेपणा आणि शहाणपण यांतली सीमा काकांना नीट कळते. 2019 च्या लिनक्स 5.2 पासून 'मिटिगेशन्स=ऑफ' एवढं एक वाक्य लिहून ही सगळी बंधनं झटक्यात काढता येतात. एका उत्साही पोरानं ते सुचवलं, तेव्हा काकांनी चष्मा काढला. "क्लायंटचा डेटा आहे बाळा. उद्या काही झालं तर मेलमध्ये तुझं नाव टाकू की माझं?" सुरक्षेवर याहून परिणामकारक व्याख्यान मी ऐकलेलं नाही.

परवा महिनाअखेरचा रिपोर्ट संपता संपेना. लॉग उघडायच्या आत काकांचं निदान तयार: "मेल्टडाऊनचा पॅच." टीममधल्या एका मुलीनं हळूच दाखवलं, की हा सर्व्हर एएमडीचा आहे. त्याला मेल्टडाऊन लागू नाही. लिनक्स तिथं ती कुलपं लावतच नाही. काका क्षणभर थांबले.

"मग स्पेक्टर असेल."

स्पेक्टर एएमडीलाही आहे, त्यामुळे कुणालाच पुढं बोलता येईना. शेवटी त्याच मुलीनं क्वेरीचा प्लॅन काढला. टेबलावर इंडेक्सच नव्हता. तो घातला आणि चहा यायच्या आत रिपोर्ट हजर झाला. संध्याकाळी काकांनी सगळ्यांना मेल पाठवला: 'पॅचचा परिणाम बऱ्याच अंशी आटोक्यात आणला आहे.' सोबत नव्या सर्व्हरची मागणी जोडली होती. ती मंजूर झाली.