समुद्राविना युरोप, पालघरविना ठाणे

मराठी माणसाला संमेलनाला निमित्त लागत नाही, मांडव लागतो. ग्रंथकारांनी १८७८ साली पुण्यात सुरुवात केली आणि मग कुणी मागे राहिले नाही. नाटकवाल्यांचे ९८वे संमेलन २०१८ मध्ये मुलुंडला झाले. गझलकार, बालसाहित्यिक, विद्रोही, सगळ्यांची आपापली व्यासपीठे आहेत. लाकडी जिगसॉ कापणारे आणि जोडणारे यांचे संमेलन मात्र अजून ऐकिवात नाही. विलायतेत जिगसॉवेड्यांचे भारदस्त नावाचे मंडळ आहे, स्पेनमध्ये २०१९ साली जागतिक स्पर्धाही भरली. आपल्याकडे हे संमेलन भरायचे असेल तर ते मुंबई उपनगर जिल्ह्यातच भरावे, असे माझे म्हणणे आहे. पुणे हक्क सांगेलच. पण तुकडा जोडण्यापेक्षा तो मुळात चुकीचा कापला आहे हे सिद्ध करण्यात पुणेकरांना अधिक गोडी. त्यांना परीक्षक म्हणून बोलवावे, प्रवासखर्चासह.

जिगसॉचा जन्मच नकाशातून झाला. लंडनच्या जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्याने १७६०च्या दशकात महोगनीच्या पातळ फळीवर नकाशा चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून बारीक करवत फिरवली. सधन घरच्या पोरांनी भूगोल हाताने शिकावा, हा हेतू. त्याच्याकडे नकाशा समुद्रासह मिळे आणि समुद्राविनाही. समुद्राविना घेतला तर स्वस्त. समुद्र दिसला की भाव चढतो, हे वर्सोव्याच्या बिल्डरांच्या कितीतरी आधी एका नकाशेवाल्याला कळले होते! आपल्याकडे हा उद्योग सरकारने स्वतःच्या अंगावर घेतला. १९६० साली महाराष्ट्र २६ तुकड्यांचा होता. १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघाला, औरंगाबादच्या बाजूने जालना निघाला. पुढच्या वर्षी लातूर आणि गडचिरोली. १९९८-९९ मध्ये करवत जोरात होती : नंदुरबार, वाशीम, हिंगोली, गोंदिया. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर काढले. आज तुकडे ३६. चित्र तेच, चौकट तीच, आणि जोडणाऱ्यांनी तक्रार करायची सोडून आणखी तुकड्यांसाठी मोर्चे काढलेले. या सगळ्यात १९९० साली मुंबईतून कापलेला तुकडा म्हणजे आपला उपनगर जिल्हा. अंधेरी, बोरिवली, कुर्ला असे त्याचे तीन तालुके. मुलुंड आणि घाटकोपर कुर्ला तालुक्यात येतात, ही गोष्ट तलाठ्याशी काम पडेपर्यंत मुलुंडकराला ठाऊक नसते. मुलुंड चेकनाका ओलांडला की ठाणे जिल्हा, आणि पार दुसऱ्या टोकाला दहिसर चेकनाका ओलांडला तरी ठाणे जिल्हाच. असा कान एकीकडे आणि खाच दुसरीकडे असलेला तुकडा स्पिल्सबरीलाही सुचला नसता. त्यात बोरिवलीचा माणूस चर्चगेटला निघाला की ‘मुंबईला जातोय’ म्हणतो, म्हणजे आपण चित्रात नेमके कुठे बसतो याचा शोध त्याचा अजून चालूच आहे. (लोकलच्या चौथ्या सीटचा दाखला इथे अनेकांच्या ओठांवर आला असेल. तो मी देणार नाही. तिथे तुकडा बसत नसतो, बसवला जातो.)

नुसत्या भूगोलावर यजमानपद मागणे बरे नव्हे, गुणवत्ताही दाखवली पाहिजे. पुठ्ठ्याचे जिगसॉ साच्याखाली एका दाबात कापतात, त्यामुळे सगळे तुकडे एकाच घराण्यातले दिसतात. लाकडाचे हाताने कापलेले जिगसॉ मात्र कापणाऱ्याच्या स्वभावावर जाते. तो मुद्दाम रंगाच्या कडेने कापतो. लाल लुगडे तुकड्याबरोबरच संपते, आणि शेजारचा तुकडा कोणता याचा सुगावा लागत नाही. तो कोपऱ्याचेच दोन तुकडे करतो, मधल्या तुकड्यांना सरळ कडा देतो, एखादा तुकडा कुत्र्याच्या आकाराचा कापून आपले लक्ष उडवतो. अमेरिकेत पार्कर ब्रदर्सने १९०९ साली जिगसॉच्या मागणीपायी बाकीचे खेळ बाजूला ठेवले होते, आणि त्यांच्या करवतींवर बहुतेक बायकाच होत्या. जातिवंत लाकडी जिगसॉच्या डब्यावर चित्रही नसते. खरा डाव चित्राशी नसतोच, कापणाऱ्याशी असतो. आणि डब्यावरच्या चित्रावर विश्वास ठेवू नये, हे शिक्षण उपनगराइतके कुणाला मिळाले आहे? इथल्या कितीतरी सोसायट्यांनी वीस मजले, पोहण्याचा तलाव आणि खाली फिरणारी गोरी कुटुंबे असे रंगीत चित्र पाहून जुनी इमारत पाडू दिली. डबा हातात आहे, तुकडे येणे बाकी आहे. व्हरमाँटच्या स्टेव्ह कंपनीने १९८९च्या एक एप्रिलला कधीच न जुळणारे पाच तुकड्यांचे जिगसॉ विकले आणि नंतर गिऱ्हाइकांना पैसे परत केले. यातला शेवटचा भाग संमेलनात सावकाश, दोनदा वाचून दाखवावा. रिडेव्हलपमेंटवाल्यांना पुढच्या रांगेत बसवून.

आता आक्षेप. पहिला जागेचा : वनबीएचकेत हजार तुकडे मांडायचे कुठे? प्लायवर मांडावे आणि रात्री प्लाय पलंगाखाली सरकवावा. पलंगाखाली आधीच बॅगा आहेत, हे खरे. पण त्या बॅगांत काय आहे हे सांगता येत नसेल, तर जागा आहे असे समजावे. दुसरा पैशाचा, आणि तो रास्त आहे. हाताने कापलेल्या लाकडी जिगसॉला दिवसचे दिवस लागतात. ते स्वस्त पडणार नाही. मात्र १९३०च्या मंदीत अमेरिकनांनी विकत घेण्याऐवजी भाड्याने आणून जोडले, आणि ब्रिटनमध्ये १९३३ पासून लाकडी जिगसॉचे वाचनालय चालत आले. दुसऱ्या एलिझाबेथ राणीसुद्धा तिथून मागवत. ज्या उपनगरांत दिवाळी अंकांची वर्गणी भरून घराघरांत अंक फिरतात, तिथे ही योजना समजावून सांगायची गरज नाही. एक तुकडा हरवला तर काय, हा प्रश्न वाचनालयवाल्याला विचारावा. शेवटचे पान नसलेल्या रहस्यकथा त्याने वर्षानुवर्षे बिनदिक्कत फिरवल्या आहेत.

तिसरा आक्षेप तात्त्विक : तासन्‌तास जोडायचे आणि शेवटी मोडून डब्यात भरायचे, याला अर्थ काय? ज्या गावात रात्री जागवून मखर उभारतात आणि विसर्जनानंतर हसत हसत उतरवतात, तिथे हा प्रश्न मला ऐकूही येत नाही. हवामानाचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि घट्ट बसणारा तुकडा निघेनासा होतो. तेव्हा संमेलन जानेवारीत घ्यावे. लेसरवाले विरुद्ध करवतवाले हा वाद आत्ताच मिटवू नये, वादाशिवाय संमेलन रंगत नाही. माझे मत करवतीच्या बाजूने आहे, कारण लेसरच्या कडांना जळका वास येतो. तरीही ट्रॉफ्या आणि पाट्या कापणाऱ्या गाळेवाल्यांना एक दालन द्यावे, त्यांच्याकडे यंत्र तयार आहे. सावंतवाडीच्या चितारआळीतले कारागीर बोलवावेत. अध्यक्षपद कापणाऱ्याला द्यावे, चित्रकाराला नको.

आणि एक विनंती. कुणाकडे जिल्ह्याजिल्ह्यांचा जुना लाकडी महाराष्ट्र असेल, ज्यात सिंधुदुर्ग अजून रत्नागिरीत आहे किंवा पालघर ठाण्यात, तर तो भंगारात देऊ नका. तुकडे मोजून घ्या, पुरे असोत-नसोत, आणि जानेवारीत घेऊन या.